ळ नसलेली यादी

आमच्या कॉलेजच्या पदवीदान समारंभाचे गेल्या आठ वर्षांतले फोटो काढून पाहिले, तर त्यांतल्या प्रत्येकात मी आहे आणि एकातही दिसत नाही. प्रमुख पाहुणे दिसतात, प्राचार्य दिसतात, पाहुण्यांच्या हातून पदवीपत्र घेताना पाहुणे सोडून कॅमेऱ्याकडे बघणारी मुलं दिसतात, मागच्या फ्लेक्सवर संस्थापकांचा अर्धा चेहरा दिसतो. आणि अगदी डाव्या कडेला, माईकच्या काळ्या बोंडामागे, चष्म्याची एक काडी आणि थोडासा कान दिसतो. तो कान माझा. माझ्याकडे काम एकच, नावं वाचायची. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी फेब्रुवारी लागला की कॉलेजातून फोन येतो, "सर, यादी पाठवू का?" लग्नसराईत मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींना यावा तसा. नवरा-नवरी दर मांडवात नवे, भटजी तेच, आणि कुणाच्याच अल्बमात भटजींचा फोटो धड आलेला नसतो.

हे काम माझ्याकडे आलं ते आवाजामुळे नव्हे. पूर्वी पदवी घ्यायची तर कोल्हापूरला जायचं, पहाटेची एसटी पकडून, नाहीतर सरळ टपालानं मागवायची. मग पदवीपत्रं कॉलेजांकडे येऊ लागली आणि समारंभही तालुक्यातालुक्यात होऊ लागले. पहिल्या वर्षी नावं वाचायला इंग्रजीचे एक सहकारी उभे राहिले. यादी इंग्रजीत, तेव्हा वाचणाराही इंग्रजीचा, असा सरळ हिशोब. चौथ्याच नावाला त्यांनी 'मिस्टर डेट' अशी हाक दिली. कुणी उठेना. सर पुन्हा म्हणाले, 'डेट'. सभागृहात पंखे फिरत राहिले. शेवटी मागच्या रांगेतून कुणाची तरी आजी खणखणीत आवाजात म्हणाली, "आरं, दात्यांचा आसंल त्यो!" दात्यांचा मुलगा उठला, तोवर त्याचे कान जास्वंदीच्या रंगाचे झाले होते. पुढे साने 'सेन' झाले, मोरे 'मोअर' झाले, आणि एका काळे आडनावाच्या मुलीला सरांनी जे काही म्हटलं ती कोबीच्या जातीतली एक महागडी भाजी आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी पुण्यातल्या भाचीच्या घरी जेवताना कळलं. पुढच्या वर्षी प्राचार्य म्हणाले, हे मराठीवाल्यांकडे द्या.

रोमन लिपीला ळ नाही. हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात वाचलं तर काही वाटत नाही. पण हातात दोनशे चौदा नावं असावीत आणि समोर त्या नावांची माणसं, त्यांच्या आया, मामा, धाकटी भावंडं आणि शेजारचे दोघे इस्त्रीचे कपडे घालून बसलेले असावेत, मग ते वाक्य घशात खडीसाखरेसारखं अडकतं. ट आणि त तिथे एकाच अक्षरात नांदतात, ड आणि द दुसऱ्या एका अक्षरात, न आणि ण तिसऱ्यात. भाड्याच्या एका खोलीत दोन बिऱ्हाडांनी मध्ये लुगड्याचा पडदा लावून राहावं तसे. अ आणि आ यांच्यात तर पडदासुद्धा नाही. पी-ए-डी-ए-एल-के-ए-आर हे पडळकर की पाडलकर, हे त्या आठ अक्षरांकडे तासभर टक लावून बसलं तरी उमगत नाही. जी-ए-डी-ई हे 'गाडे' आहे हे वेळेवर ओळखावं लागतं; चुकून 'गडे' वाचलं गेलं तर सभागृहात नको ती लाडीगोडी पसरते.

म्हणून आदल्या संध्याकाळी मी यादी घेऊन ओसरीवर बसतो. हातात पेन्सिल, कारण पेनाची चूक लोकांना दिसते. ज्या नावाची खात्री आहे त्यापुढे बारीक टिंब, ज्याची नाही त्यापुढे फुली, आणि फुलीवाल्यांना एकेक फोन. "हॅलो, मी सर बोलतोय. बाळा, तुझ्या आडनावात ळ आहे की ल?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणांना विचारला आहे, की बाजारात माझ्या मागे मला 'ळ-सर' म्हणतात हे मला ठाऊक आहे. मुलं बहुधा गोंधळतात. एकानं तर उदार होऊन सांगितलं, "सर, तुम्ही काय पण म्हणा, मी उठतो." त्याच्या मनाचा मोठेपणा मला कळतो, पण माझा जीव राहत नाही. तीन वर्षं त्याला हजेरीत नंबरानं ओळखलं, परीक्षेत बैठक क्रमांकानं, शिष्यवृत्तीच्या अर्जात जातीच्या दाखल्यानं. गावात त्याला पप्या म्हणतात. आख्खं नाव, आडनावासकट, चारचौघांत, लाउडस्पीकरवरून, आणि तेही काही चुकलेलं नसताना, असं त्याच्या वाट्याला आयुष्यात दोनदाच येणार, एकदा इथं आणि एकदा लग्नपत्रिकेत. पत्रिकेतही छापणारा ळ खाण्याची भीती आहेच.

मोठं गमतीचं काम आहे हे. एका नावाला अकरा-बारा सेकंदं मिळतात. तेवढ्यात नाव उच्चारायचं, मुलानं पायऱ्या चढायच्या, खांद्यावरून घसरलेलं उपरणं सावरायचं, पाहुण्यांच्या पायाकडे वाकावं की हातात हात द्यावा या विचारात मधल्यामध्ये कमरेत थोडं मोडायचं, फोटोला थांबायचं आणि दुसऱ्या बाजूच्या पायरीला ठेचकाळत उतरायचं. पाहुणेही तोवर थकलेले असतात. सुरुवातीच्या वीसेक जणांना ते "काय करणार पुढं?" असं विचारतात, नंतर नुसतं हसतात, शंभराच्या पुढे ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून जातं, पाहुणे गेल्यावर दारात रांगोळी राहावी तसं.

अशा वेळी मला १८६२ सालच्या मुंबईचा फार हेवा वाटतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, उत्तरेत बंड पेटलेलं असताना, आणि पाच वर्षांनी त्याचे पहिले बी. ए. झालेले पदवीधर बाहेर पडले. किती? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. झाली यादी! त्या वाचणाऱ्याला घसा खाकरायलासुद्धा सवड मिळाली नसेल. यातल्या पहिल्या दोघांची नावं पुढे रस्त्यांना आणि संस्थांना मिळाली, तिसऱ्यांच्या आडनावाचं नैवेद्याच्या ताटात कायमच स्वागत आहे. पण माझा जीव अडकतो तो चौथ्यांत. वागळे! म्हणजे पहिल्याच यादीत, चारच आडनावांत, एक ळ होता. पुढे जो काही गोंधळ व्हायचा होता त्याची पायाभरणी त्याच दिवशी झाली. कोण्या साहेबानं ते नाव कसं वाचलं असेल, आणि वागळे उठून उभे राहण्यापूर्वी क्षणभर शेजारच्या मोडकांकडे पाहून थबकले असतील का, याचा विचार करत मी कधीकधी पेन्सिल कानामागे ठेवून नुसता बसून राहतो.

फोर्टातला तो प्रसिद्ध कॉन्व्होकेशन हॉल तेव्हा उभा राहायचा होता. तो पुरा झाला १८७४ साली. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. इंग्लंडात बसून त्यांनी नकाशे पाठवले. म्हणजे हॉलसुद्धा अनुपस्थितीतच बांधला म्हणायचा. आत एका टोकाला रंगीत काचेची भलीमोठी गोल खिडकी आहे आणि तिच्यात बारा राशी आहेत. मी एकदा एका चर्चासत्राला गेलो होतो तेव्हा चहाच्या सुट्टीत तिच्याखाली उभा राहिलो. पश्चिमेची विद्या शिकवायला निघालेल्या विद्यापीठानं पदवीधरांना मेष, वृषभ, मिथुनाच्या खाली उभं करावं हे आधी विचित्र वाटलं. मग वाटलं, यात दूरदृष्टी आहे. पदवी हातात पडली की आपल्याकडे पुढच्याच आठवड्यात रास विचारतात.

हेव्याचं झालं, तशी काळजीही वाटते. माझ्या धंद्यातल्या ज्या माणसाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो फिलाडेल्फियाचा. ११ मार्च १८८६ रोजी तिथल्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या पदवीदानात आपल्या आनंदीबाई जोशी उभ्या होत्या, आणि पंडिता रमाबाई तो सोहळा पाहायला मुद्दाम सातासमुद्रापार गेल्या होत्या. वय पुरतं एकवीसही नाही, डॉक्टर झालेली पहिलीवहिली हिंदू बाई. आता कल्पना करा, त्या सभागृहात नावं वाचणाऱ्याच्या यादीत सगळी ओळखीची अमेरिकी नावं सुरळीत चालली आहेत आणि मध्येच हे येतं! त्यानं आदल्या रात्री कुणाला विचारलं असेल? त्याच्याकडे तर फोनही नसणार. कॅरोलाइन डॉल यांनी आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र १८८८ साली लिहिलं, तेही मोठ्या मायेनं. त्याच्या नावातच त्या 'आनंदाबाई' झाल्या आहेत. माया होती, वेलांटी तेवढी हरवली. पण मग मनात येतं, की त्या बाईंना एव्हाना नाव बदलण्याची सवय झाली असेल. माहेरी कल्याणला त्या यमुना होत्या. नऊ वर्षांच्या असताना लग्न झालं आणि गोपाळरावांच्या घरी त्या आनंदी झाल्या. अमेरिकेत आणखी एक अक्षर बदललं, एवढंच. पदवी मात्र तिन्ही नावांनी मिळून कमावली होती.

समारंभाच्या नावाचाही असाच घोळ आहे. अमेरिकेत याला 'कमेन्समेंट' म्हणतात, म्हणजे आरंभ. आपले संस्कृतज्ञ 'दीक्षान्त' म्हणतात, म्हणजे शेवट. एकाच मांडवात एकाच वेळी एकाच गोष्टीचा आरंभ आणि शेवट होतो हे मांडवाबाहेरच्या चहावाल्याला पटवून द्यायला वेदान्तच लागेल. आम्ही लहानपणापासून 'पदवीदान' म्हणत आलो. गोदान, कन्यादान, श्रमदान, त्यांच्या पंगतीत पदवी. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मुलांनी फी भरून, रात्री जागून मिळवलेल्या वस्तूला दान कसं म्हणायचं? मग 'पदवीप्रदान' आलं. त्यानं फार फरक पडला नाही, नुसतं 'प्र' लागलं. हल्ली पत्रिकेवर 'पदवीग्रहण' असतं. हा शब्द छापून आला त्या वर्षी आमचे शिपाईमामा पत्रिका हातात घेऊन माझ्याकडे आले आणि चिंतेनं म्हणाले, "सर, ग्रहण किती वाजता सुटणार? म्हणजे जेवणाचं तसं सांगतो." मला स्वतःला जुना 'स्नातक' हा शब्द आवडतो. गुरूकडचं शिकणं संपलं की शिष्याला आंघोळ घालत आणि घरी पाठवत, म्हणून तो स्नातक. अंगाला साबण लागेल इतका जवळचा शब्द आहे. आजही समारंभाच्या सकाळी घरोघरी आया "आज तरी डोक्यावरनं घे" म्हणून पोरांच्या मागे लागतात, तेव्हा त्या एक फार प्राचीन विधी पार पाडत असतात, फक्त ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पोशाखाचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा पक्षपात आहे. मला तो काळा झगा आवडायचा. २०१० साली भोपाळच्या एका पदवीदानात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी अंगावरचा झगा व्यासपीठावरच उतरवला होता आणि देशभर त्याचा गाजावाजा झाला. एप्रिलमधल्या भोपाळच्या उन्हाचाही त्या निर्णयात काही वाटा असावा असा मला संशय आहे. आमच्याकडे झगे यायचे ते नाटकांना कपडे पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून. गावच्या जत्रेतल्या नाटकात कोर्टाचा सीन असला की वकिलाला तो जो कोट द्यायचा त्याच गठ्ठ्यातले. एका मुलीच्या झग्याच्या खिशात गंध लावायची डबी निघाली होती, एकाच्या खिशात पाठ न झालेल्या भाषणाची चिठ्ठी. खुनाच्या आरोपातून सुटका मागणारं भाषण होतं ते, आणि मुलानं ते मागच्या रांगेत बसून मोठ्या तन्मयतेनं वाचलं. टोप्या हवेत उडवायची रीत १९१२ साली अमेरिकेत ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत सुरू झाली असं सांगतात. तिथल्या मुलांना अधिकाऱ्याच्या नव्या टोप्या मिळाल्या होत्या, जुन्यांची गरज उरली नव्हती. आमच्या टोप्यांची गरज मात्र दुसऱ्याच दिवशी शेजारच्या तालुक्याला असे. म्हणून 'थ्री, टू, वन' झालं की पोरं टोप्या उडवत आणि खाली ड्रेपरीवाला दोन्ही हात पसरून, क्षेत्ररक्षकासारखा, आभाळाकडे बघत धावे.

माझी स्वतःची पदवी टपालानं आली. १९८३ साल. अर्जातल्या 'अनुपस्थितीत' या चौकटीत खूण केली होती, कारण कोल्हापूरच्या एसटीचं भाडं आणि झग्याचं भाडं यांची बेरीज घरातल्या कुठल्याच डब्यात नव्हती. पोस्टमन रजिस्टर घेऊन आला तेव्हा वडील गोठ्यात होते. आमच्याकडे रजिस्टर म्हणजे एक तर कोर्टाचं, नाहीतर सोसायटीच्या थकबाकीचं. त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले, सही केली आणि पाकीट न उघडता माझ्यासमोर धरलं. चेहऱ्यावर भाव असा, की किती आहे तेवढं सांग. मी पदवीपत्र बाहेर काढलं. जाड, पांढराशुभ्र कागद, वर विद्यापीठाची मुद्रा. वडिलांनी तो उजेडाकडे तिरपा धरला, कापसाची प्रत बघावी तसा.

"ह्यात तुझं नाव कुठंय?"

मी दाखवलं. त्यांनी नावावर बोट ठेवलं नाही, बोटभर अंतरावर ठेवलं.

"आन् माझं?"

माझ्या नावाच्या मधोमध त्यांचं नाव होतंच. मी दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून विचारलं, "आन् हिचं?"

"आईचं नसतं, दादा."

आतून आई म्हणाली, "माझं कशाला? मी कुठं परीक्षा दिलीया?"

वडील जरा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी तरी कुठं दिलीया?"

मग तो कागद सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत गेला. घरातली दोनच अशी कागदपत्रं, जी विकता येत नव्हती आणि टाकता येत नव्हती.

पुढे नियम बदलले. आता आमच्या यादीत आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचंही नाव असतं. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या वर्षी मी आईचं नाव गाळूनच वाचत होतो. दोनशे चौदा नावं, वेळेची टंचाई, पाहुण्यांची पुढची गाडी. साधारण तिसावं नाव असेल. एका मुलाचं नाव मी वाचलं, आणि पुढचं वाचायच्या आधी क्षणभर थांबलो. चष्मा घसरला होता म्हणून. त्या थांबण्यात यादीतला चौथा शब्द आपसूक तोंडातून गेला, 'हौसाबाई'. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत एक डोकं झटकन वर आलं. शाळेत गुरुजींनी अचानक नाव घेतल्यावर येतं तसं. त्या बाईंनी आजूबाजूला पाहिलं, पदर नीट केला आणि अर्धवट उठल्याच. शेजारणीनं हाताला धरून खाली बसवलं. त्यानंतर मी एकही आई सोडली नाही. समारंभ पंचवीस मिनिटांनी लांबतो, पाहुणे घड्याळ बघतात, प्राचार्य माझ्याकडे बघतात, मी यादीकडे बघतो.

आयांच्या नावांत फुल्या जास्त पडतात. मंदा की मांडा, शेवंता की सेवंता, बायडाबाई, ठकूबाई, अक्काताई, चांगुणा. रोमन अक्षरांत ही नावं पाहुण्याच्या घरी अंग चोरून बसल्यासारखी दिसतात. वडिलांच्या नावांत दगडू, धोंडिराम, केरबा असतात. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला असं नाव ठेवायचं, म्हणजे मरण दाराशी आलं तरी 'दगडच आहे, काय न्यायचा' म्हणून परत जाईल, अशी समजूत. मृत्यूला फसवण्यासाठी ठेवलेलं नाव आणि ते धारण करून साठीला आलेला माणूस पहिल्या रांगेत बसून पोरीच्या पदवीला टाळ्या वाजवतो आहे, यापेक्षा यशस्वी फसवणूक मी पाहिलेली नाही.

गेल्या वर्षीच्या यादीत एकशे बाराव्या क्रमांकाला, मुलीच्या नावापुढे, आईच्या रकान्यात सहा अक्षरं होती. एन-ए-के-यू-एस-ए. यात ळ नव्हता, ट-त नव्हता, काही शंका नव्हती. तरी मी फुली मारली.

आमच्या भागात हे नाव नवं नाही. मुलीच्या पाठीवर मुलगी, पुन्हा मुलगी झाली की देवाला कळावं म्हणून तिचं नावच ठेवायचं, नकुसा. नको असलेली. दगडूचं नाव मरणाला सांगायला असतं आणि नकुसाचं जन्माला. २०११ साली साताऱ्यात समारंभ करून २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. तोही एक नावं वाचायचाच समारंभ होता. पण ती नावं बदलली पोरींची. त्यांच्या आयांच्या वयाच्या नकुसांना कुणी बोलावलं नव्हतं.

मी मुलीला फोन लावला. बराच वेळ गोल गोल बोललो. ती हुशार, भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात आलेली. म्हणाली, "कळलं सर. सुवर्णा वाचाल का? आईचं लग्नातलं नाव आहे." लग्नात नवऱ्यानं तबकातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं ते. पुढे तांदळाचा भात झाला आणि रेशनकार्डावर नकुसाच राहिली. मी पेन्सिलीनं 'सुवर्णा' लिहायला घेतलं तेवढ्यात पलीकडे भांड्याचा आवाज झाला आणि लांबून एक आवाज आला, "काय म्हनत्यात सर?" मुलीनं सांगितलं. मग फोन त्यांनीच घेतला. "सर, कागदावर जे हाय त्येच वाचा. पंचेचाळीस वर्सं वापारलंय ते नाव."

दुसऱ्या दिवशी मी ते वाचलं. आधीच्या नावाच्याच सुरात, पुढच्या नावाइतकंच. काहीही झालं नाही. सभागृह हळहळलं नाही, गहिवरलं नाही. एक लहान मूल रडत होतं ते रडत राहिलं, मंडपवाल्यानं कुठली तरी वायर ओढली आणि माईक खरखरला. मुलगी पायऱ्या चढली, कमरेत थोडी मोडली, फोटोला थांबली, उतरली.

खुर्च्या एकमेकींत रचायला सुरुवात झाली तेव्हा दोघी माझ्याकडे आल्या. आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत पदवीपत्र. "सर, ह्याला लॅमिनेशन मारू का? झेरॉक्सवाला म्हनतोय, आजच्या दिवस कमी घेतो." मी घाईनं नको म्हणालो. उद्या नोकरीला, परदेशाला, कुठं शिक्का लागला तर प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. कितीतरी पोरांची पंचाईत झालेली मी पाहिली आहे. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग जरा रेंगाळल्या.

"सर, तुमी नाव जरा चुकीचं वाचलंसा."

मी, ळ-सर, चांगलाच चपापलो. म्हणालो, "नकुसा ना?"

"तसं न्हाई. तुमी लई तोडून म्हनला. त्यात 'कू' लांब असतंय. आमची आई रानात असली की बांधावरनं हाळी द्यायची ना, सांच्याला, भाकरीला. नकूऽऽसा." त्यांनी ते सभागृहातच म्हणून दाखवलं, पण हळू, रचलेल्या खुर्च्यांपलीकडे कुणाला ऐकू जाणार नाही एवढंच. "तसं हाय ते."

मी खिशातली यादी काढली, एकशे बारावा नंबर शोधला आणि पेन्सिलीनं उकार दीर्घ केला.